पंपावर आळ, गोळीला मोकळीक

«डॉक्टरबाई, नमस्कार.

माझा मुलगा पावणेसात वर्षांचा, पहिलीत आहे. घरात त्याला सोनू म्हणतात, तेच लिहिते. लहानपणापासून सर्दी झाली की त्याच्या छातीत घरघर व्हायची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी बालदमा सांगितला आणि पंप सुरू केला. प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून सकाळी दोन, रात्री दोन. ऑगस्टभर छान होता. गणपतीनंतर पुन्हा रात्रीचा खोकला. घटस्थापनेच्या सुमारास डॉक्टरांनी झोपताना चघळायची एक गोळी वाढवली, सर्दी-अ‍ॅलर्जीची. खोकला जास्त असेल तेव्हा द्यायला एक पातळ औषधही आहे. ते दिलं की सोनू सोफ्यावर उड्या मारत सुटतो.

कोजागरीच्या रात्री गच्चीवरून येऊन झोपला आणि दीडेक तासाने किंचाळत उठला. डोळे उघडे, पण मला ओळखेना. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार वेळा असं होतं. दिवसा सारखी चिडचिड. धाकट्या बहिणीच्या दंडाला चावला, रक्त आलं. शाळेत डबा फेकला म्हणून बाईंनी बोलावून घेतलं. मागच्या आठवड्यात आंघोळ घालताना म्हणाला, "आई, मी नसतो तर तुम्हाला बरं झालं असतं ना?"

सासूबाई रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढतात. मिस्टर म्हणतात, पंपात स्टिरॉइड असतं, त्यानेच डोकं फिरलंय, पंप बंद कर. जुलैचाच पंप आहे, वर २०० लिहिलंय, अजून फुस्स करून चालतो, पण टाकून देईन. मी जूनपासून नोकरी सुरू केली, त्यामुळे तर हे नसेल? पंप बंद करू का?

– एक आई, चिंचवड»

तुम्हाला त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं. तेच आधी इथे छापते, कारण आंघोळीच्या वेळी असलं वाक्य ऐकलेले आईबाप आणखीही असतील. आज रात्रीपासून ती चघळायची गोळी देऊ नका आणि आजच डॉक्टरांना फोन करून तसं सांगा. पंप बंद करू नका.

आता सविस्तर.

"मी नसतो तर बरं झालं असतं" हे पावणेसात वर्षांच्या पोराचं बोलणं "टीव्हीवर ऐकलं असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही. त्यावर रागवायचं नाही, "असं अभद्र बोलू नये" म्हणून तोंडावर हातही ठेवायचा नाही. जवळ घ्यायचं आणि विचारायचं, "असं कधी कधी वाटतं तुला?" विचारल्याने मुलाच्या डोक्यात विचार भरत नाही, असलेला बाहेर येतो. पुन्हा तसं बोलला, स्वतःला मारून घेऊ लागला, खिडकी-गच्चीकडे धावू लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि सरळ रुग्णालय गाठा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलणारी माणसं मिळतात.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात काळजी दिसली. दुसऱ्या वाचनात हातात पेन्सिल घेतली आणि तारखांखाली रेघा मारल्या, तेव्हा लक्षात आलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय.

हिशेब करू. पंपावर २०० लिहिलंय, म्हणजे त्यात दोनशे फवारे. सोनू सकाळी दोन आणि रात्री दोन घेतो, दिवसाला चार. दोनशे भागिले चार, पन्नास दिवस. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलेला पंप ऑगस्टच्या शेवटी संपला. तुम्ही म्हणता, अजून फुस्स करून चालतो. चालणारच. आत औषध बाहेर ढकलणारा वायू असतो, तो औषध संपल्यावरही काही काळ फवारत राहतो. आवाज तोच, थंडगार वाराही तोच, औषध मात्र नाही. सप्टेंबरपासून तुम्ही रोज न चुकता, घड्याळ लावून, लेकराला जवळजवळ रिकामा पंप देत आला आहात. वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या शिकल्यासवरल्या घरांतही ही चूक इतक्यांदा होते की आता मी पहिल्या भेटीतच पेन घेऊन पंपावर संपायची तारीख लिहून देते. काही नव्या पंपांना मागे आकडा असतो, तो उतरत जातो. जुन्यांना नसतो. काही जण पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघतात. त्यावर भरवसा ठेवू नका, भागाकार करा.

म्हणून ऑगस्टभर छान, गणपतीनंतर खोकला. पंप लागू पडेना म्हणून खोकला वाढला नव्हता, पंपात काही उरलं नव्हतं म्हणून वाढला. डॉक्टरांना ते कळलं नाही, बहुधा पंप हातात घेऊन कुणी पाहिला नाही, आणि एक औषध कमी पडतंय असं वाटून दुसरं चढलं. ती रात्रीची गोळी.

मग कोजागरी. घटस्थापना ते कोजागरी, पंधरवडा. गोळी सुरू होऊन पंधरा दिवस, आणि पंप संपून महिना उलटलेला. तुमच्या मिस्टरांचा पंपावर राग आहे, तो मी समजू शकते. पण ज्या रात्री चोरी झाली त्या रात्री आरोपी गावातच नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पंपात खरोखरचं स्टिरॉइड होतं तेव्हा, पोरगं हसतंखेळतं होतं. किंचाळणं सुरू झालं ते पंप रिकामा आणि गोळी चालू असताना.

आता ती गोळी काढा आणि पट्टी उजेडात धरा. कडेला बारीक अक्षरं असतील. औषधवाले बऱ्याचदा पाच-सहा गोळ्या कात्रीने कापून देतात आणि नाव नेमकं कापलेल्या तुकड्यावर राहतं, तसं असेल तर दुकानात जाऊन उरलेली पट्टी बघून या. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना चघळायची ५ मिलिग्रॅमची गोळी देतात, त्याहून लहानांना ४ ची. माझी खात्री आहे, नाव निघेल मॉन्टेलुकास्ट. एकटं असेल, नाहीतर जोडीला लिवोसेटिरिझिन हे अ‍ॅलर्जीचं औषध.

हे औषध १९९८ पासून बाजारात आहे. श्वासनळ्यांना सूज आणणारे ल्युकोट्रायिन नावाचे पदार्थ शरीरात तयार होतात, त्यांना बसायची जागा हे औषध आधीच अडवून ठेवतं. चेरीसारखं गोड, रात्री एकदाच, नळकांडं नको की गुळण्या नकोत. आयांना आवडतं, पोरांना आवडतं, आम्हा डॉक्टरांनाही आवडतं. आपल्याकडे दोन शिंका आल्या तरी लिहून दिलं जातं. पण यानं काही मुलांची झोप आणि मन बिघडतं: वाईट स्वप्नं, झोपेत किंचाळणं, झोपेत चालणं, चिडचिड, मारकुटेपणा, रडवेलेपणा, भीती, क्वचित नसलेलं दिसणं आणि क्वचितच, पण खरोखर, जीव द्यायचे विचार. ब्रिटनमध्ये या औषधाबरोबर जे माहितीपत्रक देतात त्यात वाईट स्वप्नं, अस्वस्थपणा, आक्रमकपणा हे शंभरात एकापर्यंत रुग्णांना होऊ शकतात असं छापलेलं असतं. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने, म्हणजे एफडीएने, २००८ मध्ये याची चौकशी सुरू केली आणि मार्च २०२० मध्ये या औषधावर चौकटीतला इशारा छापायला लावला. औषधावरचा तिथला तो सर्वांत कडक इशारा. नुसत्या शिंका-नाक गळण्यासाठी, दुसरी औषधं चालत असतील तर हे देऊच नका, असंही त्यांनी सांगितलं. ब्रिटनने २०१९ मध्ये डॉक्टरांना सावध केलं आणि २०२४ मध्ये इशारा आणखी ठळक केला.

आपल्याकडे ते पत्रक आईच्या हातात पडतच नाही. कापलेल्या पट्टीला कसलं पत्रक?

दुसऱ्याकडे बोट दाखवते आहे, तर माझंही सांगते. २०१३ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी माझा दवाखाना होता. आठ वर्षांची एक मुलगी, अ‍ॅलर्जीची सर्दी, मी हीच गोळी लिहून दिली. दोन-तीन महिन्यांनी आई म्हणाली, हिला शाळा नको झालीय, सारखी रडते, रात्री दिवा बंद करू देत नाही. मी काय सांगितलं असेल? "लाडावली आहे, जरा शिस्त लावा." माझ्याच अक्षरात कागदावर मागे गोळी चालू ठेवा असंही लिहिलेलं होतं. उन्हाळ्यात ती आजोळी गेली, गोळ्या घरी विसरल्या. आठ-दहा दिवसांत पोर पूर्वीसारखी झाली. घरचे म्हणाले, आजोळची हवा मानवली. जूनमध्ये परत आली, गोळी सुरू झाली, रडणं सुरू झालं. तेव्हा तिची आई माझ्यासमोर पट्टी ठेवून म्हणाली, "मॅडम, ही नसली की ती बरी असते." सातवी शिकलेली बाई. मी त्या रात्री पुस्तक उघडलं. तिला जे आठ महिन्यांत दिसलं ते छापून आलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. आता गोळी लिहून देताना मी तीन वाक्यं जास्त बोलते. त्याला अर्धा मिनिट लागतो.

हेही सांगायला हवं की सोनूचं सगळं या गोळीनेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल उघड्या डोळ्यांनी किंचाळतं, आईला ओळखत नाही, सकाळी त्याला काही आठवत नाही, हा प्रकार कुठलंही औषध न घेणाऱ्या मुलांतही असतो. तीन ते आठ वर्षांच्या वयात विशेष. झोप अपुरी झाली, ताप आला, रात्रभर खोकला झाला की वाढतो. (त्या वेळी गदागदा हलवून जागं करू नका. पडणार-धडपडणार नाही एवढं बघा, हळू आवाजात बोलत राहा, पाच-दहा मिनिटांत आपोआप झोपेल.) आणि दमा आटोक्यात नसलेलं मूल रात्री चार वेळा खोकून उठतं, ते दिवसा चिडकंच असणार. मोठ्या माणसाला चार रात्री झोप मिळाली नाही तर तो घरच्यांशी कसा बोलतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय एफडीएनेच केलेल्या एका मोठ्या पाहणीत, हे औषध घेणाऱ्यांना नैराश्य किंवा स्वतःला इजा यांमुळे रुग्णालयात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण पंप घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं नव्हतं. तरीही त्यांनी इशारा छापला, कारण एकेका घरातून येणाऱ्या तक्रारी सारख्याच होत्या आणि औषध बंद केल्यावर बऱ्याच जणांना बरं वाटलं होतं. तुमच्या घरातही कसोटी तीच. गोळी बंद, आणि बघायचं. हे औषध एक-दोन दिवसांत अंगातून निघून जातं, हळूहळू कमी करण्याची गरज नसते. बऱ्याच मुलांत काही दिवसांत फरक दिसतो. थोड्यांना बंद केल्यावरही त्रास राहतो, म्हणून दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा त्याआधीच ते आंघोळीतलं वाक्य परत आलं, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरात दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहिता त्याच चौकोनांत लिहायला लागा. गोळी बंद केली ती तारीख, नवा पंप आणला ती तारीख, रात्री किंचाळला की "कि", खोकला की "खो", शाळेतून तक्रार आली की फुली. मोठी वही करू नका, चार दिवसांनी राहून जाते. दुधाच्या आकड्याशेजारी एक अक्षर राहत नाही.

त्या पातळ औषधाचं राहिलं. ते बहुधा साल्ब्युटामॉलचं सिरप असावं, बाटलीवर नाव वाचा. हे दम मोकळा करणारं औषध आहे, श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं, आणि त्याच वेळी हात थरथरवतं, छाती धडधडवतं, पोराला स्प्रिंगसारखं उडवतं. तो उधाणलेपणा काही तासांत ओसरतो. म्हणूनच मी म्हणते, औषध ओळखायचं तर घड्याळाकडे बघा. सिरप दिल्यावर उड्या आणि संध्याकाळपर्यंत शांत, तर ते सिरप. दम्याचा जोर झाला म्हणून पाच दिवस प्रेडनिसोलोन, म्हणजे तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड, दिलं आणि तेवढेच पाच दिवस पोरगं रडकं, हावरट आणि जागं, तर ते प्रेडनिसोलोन. आठवडेच्या आठवडे, औषधाच्या वेळेशी काही संबंध न दिसता रात्री बिघडलेल्या आणि स्वभाव बदललेला, तिथे रात्रीच्या गोळीचा संशय घ्यायचा. काही ठिकाणी दम्याला अजून थिओफिलिन नावाचं जुनं औषध देतात, ते तर चहा-कॉफीतल्या कॅफिनचं सख्खं भावंड. त्याने झोप उडाली तर नवल नाही.

सिरपपेक्षा तेच औषध पंपातून का घ्यावं, याला आकडा देते. ५ मिलिलिटर सिरपमध्ये साधारण २ मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा सिरप बरोबर वीस फवारे. सिरप पोटातून, रक्तातून, साऱ्या अंगभर हिंडून शेवटी फुप्फुसात पोचतं. पंपातलं थेट फुप्फुसात जातं म्हणून थोडक्यात भागतं. पण आपल्याकडे "पंप" म्हटलं की शेवटचा उपाय, सवय लागेल, मुलगी असेल तर लग्न कसं जमेल, आणि चमचाभर गोड औषध म्हणजे काही नाही. उलट आहे सगळं.

मिस्टरांना स्टिरॉइडची भीती वाटते, त्यांच्यासाठीही आकडा. सोनूच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम स्टिरॉइड असेल तर दिवसाला चार फवारे म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम. पंप बंद केला, दम्याचा मोठा झटका आला, तर डॉक्टरांना तोंडाने प्रेडनिसोलोन द्यावंच लागेल, वीस किलोच्या मुलाला दिवसाला निदान २० मिलिग्रॅम, म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. पाच दिवसांचे एक लाख. पंपातून तेवढं औषध जायला अडीचशे दिवस लागतील. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे ही नुसती वजनाची तुलना आहे हे मान्य, पण अंगात किती जातं याचा अंदाज यावा. पंपातलं स्टिरॉइड अगदी निर्दोष आहे असंही मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांची उंची सरासरी सेंटीमीटरभर कमी राहिल्याचं आढळलंय, तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, जास्त मात्रेवर क्वचित एखादं मूल पंपानेही चिडखोर होतं. नवा पंप सुरू केल्यावर तसं काही वाटलं तर तेही कॅलेंडरवर लिहा. पण रात्रभर खोकणाऱ्या, वर्षातून तीनदा भरती होणाऱ्या पोराची उंचीही वाढत नाही आणि अभ्यासही होत नाही.

नवा पंप आणलात की पहिल्याच दिवशी मार्करने त्यावर तारीख टाका. आणि तो द्यायचा कसा, ते एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवा. मी आयांना "करून दाखवा" म्हणते तेव्हा निम्म्या जणी दोन फवारे एकदम मारतात. एक फवारा, मग नळकांड्यातून शांतपणे पाच-सहा श्वास, अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून दुसरा. सोनूच्या वयाला मास्कची गरज नाही, तोंडात धरायची नळी चालते, ओठ घट्ट हवेत. नंतर चूळ भरून थुंकायची. दात घासायच्या आधी पंप ठेवला की चूळ आपोआप होते. नळकांडं आठवड्याला साबणाच्या पाण्यातून काढायचं आणि तसंच निथळत ठेवायचं. फडक्याने पुसून लखलखीत केलं की आतल्या प्लॅस्टिकवर वीज साठते, कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तशी, आणि औषध भिंतीलाच चिकटतं. स्वच्छतेची आवड असलेल्या घरात हा घोटाळा हटकून सापडतो.

डॉक्टरांकडे कसं जायचं? "तुमच्या गोळीनं माझ्या मुलाचं डोकं बिघडवलं" असं म्हणत गेलात तर ते बचावात जातील, माणूसच आहेत. कॅलेंडर आणि जुना पंप पिशवीत टाका. म्हणा, "घटस्थापनेला मॉन्टेलुकास्ट सुरू झालं, कोजागरीपासून हा त्रास आहे, मुलगा असं असं बोलला म्हणून मी गोळी बंद केली आहे. पंप संपला होता हे आम्हाला कळलं नव्हतं. नवा आणलाय. गोळीऐवजी आणखी काही लागेल का?" बहुतेकदा काही लागणार नाही. भरलेला पंप नीट घेतला तर तो एकटा या गोळीपेक्षा चांगलं काम करतो. "मी हजार मुलांना देतो, कुणाला काही होत नाही" असं उत्तर आलं तर शांतपणे म्हणा, "माझ्या मुलाला होतंय." तेवढ्यावरही गोळी चालूच ठेवायला सांगितलं तर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांचं मत घ्या.

आणि त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मॉन्टेलुकास्ट हे नाव लिहून पुढे "देऊ नये" असं लिहा. ही गोळी पन्नास नावांनी विकली जाते. पुढच्या पावसाळ्यात सर्दी होईल, दुसऱ्याच दवाखान्यात जाल, आणि वेगळ्या रंगाच्या पट्टीतून तीच घरी येईल. औषधाचा त्रास सरकारकडे कळवताही येतो. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा फुकट क्रमांक आहे, नुसत्या डॉक्टरांसाठी नाही, रुग्णांच्या घरच्यांसाठीसुद्धा. पाच मिनिटांचं काम आहे. आपण कळवत नाही आणि मग आपल्याकडे कुणाला त्रास होतच नाही असा समज होतो.

सासूबाईंशी भांडू नका. नातवाला काहीतरी झालंय हे त्यांना सगळ्यांत आधी कळलं, त्यांनी त्यांच्या परीने उपाय केला. मिठानं दृष्ट काढून मीठ पाण्यात सोडू द्या, काही बिघडत नाही. मिरच्या मात्र घरात जाळायच्या नाहीत. तो धूर दम्याच्या पोरासाठी विषासारखा, आणि तो रोज संध्याकाळी, दारं लावून घ्यायच्या वेळी. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट लागली होती म्हणतात. सोनूला ठसका नाही, दमच लागेल. अगरबत्ती आणि डासांची कॉइलही त्याच्या खोलीबाहेर.

तुमच्या नोकरीबद्दल. जूनमध्ये लागलात. ऑगस्टभर पोरगं छान होतं, हे तुम्हीच लिहिलंत. पुढचं मी बोलत नाही.

शाळेच्या बाईंना चिठ्ठी द्या की औषध बदललंय, महिनाभर जरा सांभाळून घ्या. दम मोकळा करणारा पंप आणि नळकांडं शाळेत ठेवायची परवानगीही त्याच चिठ्ठीत मागा.

सोनूला आज काय सांगायचं, तेवढं राहिलं. तो गेले कित्येक दिवस ऐकतोय की तो त्रास देतो, चावतो, फेकतो, घरात दृष्ट काढतात ती त्याच्यामुळे, आईबाबा भांडतात ते त्याच्यामुळे. त्याने त्यातून त्याचा निष्कर्ष काढला आणि आंघोळीच्या वेळी तुम्हाला सांगितला. त्याला मांडीवर घेऊन सांगा, "रात्रीची ती गोळी तुला मानवली नाही. तिच्यामुळे वाईट स्वप्नं पडायची आणि राग यायचा, असं डॉक्टर म्हणतात. आता ती बंद." आणि हे धाकटीसमोर सांगा. तिच्या दंडावर अजून वण असेल. दादा का चावला ते तिलाही कळायला हवं.